मस्टरवरचे २६२

पहिला दिवस, शनिवार : फोर्ट स्नेलिंग

बाबांनी तिकिटाच्या रांगेतच खिशातून डायरी काढली. चौतीस वर्षं एसटीत वाहतूक नियंत्रक म्हणून काढलेला माणूस. गाडी कितीला लागली, कितीला सुटली, आत माणसं किती, हे लिहिल्याशिवाय त्यांचा प्रवासच सुरू होत नाही. अकोल्याहून ते आमच्याकडे मिनिआपोलिसला आले की मी दरवेळी त्यांना तलाव दाखवते. या खेपेला म्हणाले, "पाणी पाह्यलं माय. आता दुसरं काही दाखव."

मग मी पाच-सहा वर्षं मनात घोळवलेला बेत बाहेर काढला. अमेरिकेच्या यादवी युद्धात उत्तरेकडून लढलेली पहिली मिनेसोटा पायदळ पलटण घराबाहेर पडली त्या जागेपासून निघायचं आणि तिच्या मागोमाग पेनसिल्व्हेनियातल्या गेटिसबर्गच्या रणभूमीपर्यंत जायचं. नवऱ्याने रजा नाही असं सांगून स्वतःची सुटका करून घेतली.

किल्ला आमच्या घरापासून वीस मिनिटांवर. मिसिसिपी आणि मिनेसोटा या नद्यांच्या संगमावरच्या कड्यावर तो उभा आहे. मिनेसोटाला राज्याचा दर्जा मिळाला मे १८५८ मध्ये. तीन वर्षंही झाली नव्हती तोच एप्रिल १८६१ मध्ये देशातून फुटून निघालेल्या दक्षिणेने फोर्ट सम्टर या सरकारी किल्ल्यावर तोफा डागल्या आणि युद्ध पेटलं. राज्यपाल अलेक्झांडर रॅम्से नेमके वॉशिंग्टनमध्ये होते. बातमी कळताच ते युद्धमंत्र्यांकडे गेले आणि हजार माणसं देतो म्हणाले. अशी तयारी दाखवणारं हे पहिलं राज्य. २९ एप्रिलला या किल्ल्यात लाकूडतोडे, शेतकरी, मास्तर, दुकानातले कारकून असे सगळे रांगेत उभे राहिले आणि पलटणीत दाखल झाले.

माहिती सांगणाऱ्या मुलीने इंग्रजीत 'मस्टर' हा शब्द वापरला आणि बाबांचे कान टवकारले. "मस्टर? आमच्या डेपोतलं मस्टर?" तेच, मी म्हटलं. सकाळी येऊन ज्याच्यावर सही करायची ते. बाबांनी डायरीत लिहिलं : 'मस्टरवर – सुमारे १०००.' पुढचे पाच दिवस ते याच रकान्यात आकडे भरणार आहेत हे मला तेव्हा कळलं नाही.

आधी भरती तीन महिन्यांची होती, मग लगेच तीन वर्षांची झाली. गणवेश म्हणून राज्याने दिले ते लाल फ्लॅनेलचे शर्ट आणि काळ्या पँटी. २२ जूनला आगबोटींत बसून पलटण मिसिसिपीतून खाली गेली आणि पुढे रेल्वेने पूर्वेला.

किल्ला बघून आम्ही कड्याखाली नदीकाठच्या सपाटीवर उतरलो. तिथे डकोटा या इथल्या मूळ रहिवाशांचं स्मारक आहे. १८६२ च्या उन्हाळ्याअखेरीस, पलटण दूर पूर्वेत असताना, इथे मिनेसोटात डकोटांशी युद्ध पेटलं. ते संपल्यावर सुमारे १६०० डकोटा बायका, मुलं, म्हातारी माणसं या सपाटीवर कुंपणात कोंडली गेली. त्या हिवाळ्यात आजारपणाने शंभराहून जास्त दगावली. डकोटांना एकतर संपवा नाहीतर राज्याबाहेर हाकला, असं जाहीर सांगणारे राज्यपाल म्हणजे हेच रॅम्से. हजार माणसं देणारे.

आणि वर किल्ल्यात, त्याच्या पंचवीसेक वर्षं आधी, ड्रेड स्कॉट नावाचा गुलाम एका लष्करी डॉक्टरच्या मालकीचा म्हणून राहत होता. गुलामीला बंदी असलेल्या मुलखात मी राहिलोय, तेव्हा मी मोकळा आहे, असा दावा त्याने लावला. १८५७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला आणि युद्धाकडे जाणारी वाट आणखी उताराची झाली. पलटण निघाली ती ह्याच अंगणातून.

बाबांनी या सपाटीचा आकडा रकान्यात लिहिला नाही. पान उलटून मागे लिहिला.

दुसरा दिवस, रविवार : मनॅसस

विमानाने वॉशिंग्टनजवळच्या डलेस विमानतळावर. छोटी गाडी बुक केली होती, काउंटरवर मिळाला ट्रकएवढा पिकअप. भांडायला वेळ नव्हता. बाबांना चढवायला मी खालून टेकू दिला. ते मात्र वर बसल्यावर खूश. "ड्रायव्हरच्या केबिनसारखं वाटते."

मनॅसस तिथून अर्ध्या तासाच्या अंतरावर. रस्त्यात दोन्ही बाजूंना खिडक्या नसलेल्या प्रचंड इमारती लागतात, त्या सगळ्या डेटा सेंटरच्या. रणभूमीच्या शेजारी आणखी बांधायच्या की नाही यावरून इथे कोर्टकचेऱ्या झाल्या आहेत. पोटापाण्याला मी त्याच धंद्यात आहे, त्यामुळे गप्प बसले.

२१ जुलै १८६१. युद्धातली ही पहिली मोठी लढाई, बुल रन ओढ्याकाठची. दोन्हीकडच्या फौजा नवख्या आणि गणवेशाचा ठिकाणा नाही. काही दक्षिणी पलटणी निळ्यात होत्या, उत्तरेच्या काही करड्यात. हेन्री हिलच्या माथ्यावर उत्तरेच्या तोफांसमोर निळ्या कपड्यातली एक रांग झाडीतून चालत आली. आपलीच असेल म्हणून तोफा थांबल्या. ती होती दक्षिणेची ३३वी व्हर्जिनिया पलटण. तोफखाना गेला, आणि त्याच्या आधाराला आणलेल्या आपल्या मिनेसोटावाल्यांवर समोरून गोळ्यांचा मारा सुरू झाला.

टेकडीला प्रदक्षिणा घालणारी मैलभराची पायवाट आहे. माथ्यावर जुडिथ हेन्री या म्हाताऱ्या विधवेचं घर, पुन्हा बांधलेलं. ती अंथरुणाला खिळलेली होती, घरातच तोफगोळ्याने गेली. घराशेजारी १८६५ मध्ये सैनिकांनीच रचलेलं दगडी स्मारक आहे, ओबडधोबड, गावच्या पारासारखं. समोर दक्षिणेच्या जॅक्सनचा घोड्यावरचा पुतळा, दंड-मांड्या अशा फुगवलेल्या की बाबा म्हणाले, "हा तं तालमीतला दिसते."

त्या दिवशी उत्तरेची फौज उधळली आणि वॉशिंग्टनकडे पळत सुटली. मिनेसोटाची पलटण बऱ्यापैकी रांग धरून मागे आली. तिची सुमारे १८० माणसं मेली, जखमी झाली किंवा हरवली. डायरीतला आकडा बदलला.

तिसरा दिवस, सोमवार : अँटिटम

सकाळी मोटेलमध्येच दशम्या-ठेचा खाल्ला. दिवसभर पाऊस.

मधल्या वर्षभराबद्दल मी फार लिहीत नाही, कारण त्या वर्षाने पलटणीला चिखल, ताप आणि वाट पाहणं यांपलीकडे फारसं काही दिलं नाही. व्हर्जिनियाच्या द्वीपकल्पावर १८६२ चा उन्हाळा त्यांनी असाच काढला. दक्षिणेची राजधानी रिचमंड घ्यायची होती, ती घेता आली नाही.

१७ सप्टेंबर १८६२ ला मेरीलँडमध्ये शार्प्सबर्ग गावाबाहेर अँटिटम ओढ्याकाठी एका दिवसात सुमारे २३,००० माणसं मेली, जखमी झाली किंवा सापडेनाशी झाली. अमेरिकेच्या इतिहासात एका दिवसाचा इतका मोठा हिशेब दुसरा नाही. उत्तरेच्या जनरल सेजविकच्या डिव्हिजनमधली, म्हणजे आपली पलटण जिच्यात होती त्या तुकडीतली, पाच हजारांवर माणसं एकामागे एक अशा तीन रांगांत वेस्ट वुड्स नावाच्या रानात शिरली. बाजू उघडी पडली होती. दक्षिणी फौज तिथून आत घुसली आणि वीसेक मिनिटांत २२०० च्या आसपास माणसं पडली. मागच्या रांगांना गोळी झाडता येईना, कारण पुढे आपलीच माणसं. पहिली मिनेसोटा सगळ्यात पुढच्या रांगेत, पण उजव्या टोकाला होती. टोकाला होती म्हणून वाचली असं म्हणायचं, आणि तरी जवळजवळ चौथा हिस्सा तिथे पडला.

त्याच रांगेत १५वी मॅसॅच्युसेट्स पलटण होती, तिची तीनशेवर माणसं गेली. तिच्या स्मारकावर जखमी सिंह आहे. पावसात तो खरंच ओला, दमलेला वाटत होता. मिनेसोटाच्या माणसांना त्याच दिवसांत घरची पत्रं येत असणार, डकोटा युद्धाची. बायकापोरं तिकडे आणि आपण इकडे, कोणाच्या तरी मक्याच्या शेतात.

संध्याकाळी फ्रेडरिकला मुक्काम. बाबांचे बूट हीटरवर.

चौथा दिवस, मंगळवार : युनियनटाउन, मग गेटिसबर्ग

महामार्ग सोडून आडवाटेने निघालो. २९ जून १८६३ ला पलटण याच बाजूने मेरीलँडमधल्या युनियनटाउनपर्यंत चालली, एका दिवसात तीस मैलांहून जास्त, पाठीवर सामान. दक्षिणेचा सेनापती ली आपली फौज घेऊन उत्तरेत पेनसिल्व्हेनियात शिरला होता आणि सगळे त्याच्यामागे धावत होते.

वाटेत एक ओढा आला. हुकूम होता की रांग न मोडता पाण्यातून जा. काही माणसं बूट भिजू नयेत म्हणून ओंडक्यांवरून गेली. कर्नल विल्यम कॉल्व्हिल यांनी त्यांना अडवलं नाही, म्हणून त्यांनाच अटकेत टाकलं. साडेसहा फुटांच्या घरातला माणूस, रेड विंग गावचा वकील नि वर्तमानपत्राचा संपादक, आपल्याच पलटणीच्या मागे कैदी म्हणून चालत राहिला. ओले बूट घालून दिवसभर चालल्यावर पायाचं काय होतं हे माहीत असलेला माणूस कॉल्व्हिलला दोष देणार नाही.

"असा एक साहेब सगळीकडं असतेच," बाबा म्हणाले. आणि हीटरवर वाळवून कडक झालेल्या आपल्या बुटांकडे बघितलं.

रस्त्याच्या कडेला लाल कोठारं, हिरवा मका. मग मला राहवलं नाही आणि मी त्यांना कापसाची गोष्ट सांगितली. उत्तरेने दक्षिणेची बंदरं अडवली, लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूस थांबला आणि ते आपल्याकडे वळले. मुंबईत कापसाचे भाव कित्येक पटींनी चढले, शेअरचा धुमाकूळ झाला आणि १८६५ मध्ये इथलं युद्ध संपल्याबरोबर सगळं धाडकन कोसळलं. वऱ्हाडच्या कापसालाही त्या वर्षांत कधी नव्हे तो भाव मिळाला. बाबा बराच वेळ खिडकीबाहेर बघत होते. मग म्हणाले, "म्हन्जे हे इकडं मरत होते तवा आपल्याकडं पैसा येत होता." थोड्या वेळाने पुन्हा : "अन् गेलाही."

दुपारी गेटिसबर्ग. खोली घेतली, झोपलो. मी मुद्दाम संध्याकाळची वाट बघत होते, कारण ती घटना संध्याकाळची आहे.

२ जुलै १८६३. उत्तरेची फौज सेमेटरी रिज नावाच्या लांबट, बसक्या टेकाडावर. तिच्या डाव्या अंगाला असलेला सिकल्स हा जनरल हुकूम नसताना आपली फौज अर्धा मैल पुढे घेऊन गेला, तिथे मार खाल्ला आणि सूर्य कलताना त्याची माणसं मोडून मागे पळू लागली. टेकाडावर मोठं भगदाड. समोरून दक्षिणेच्या विलकॉक्सची अलाबामावाल्यांची ब्रिगेड येतेय, हजाराहून जास्त माणसं. कुमक वाटेत आहे, पण पोचायला वेळ. उत्तरेचा जनरल हॅनकॉक घोड्यावरून आला आणि त्याला तिथे दिसली ती एका तोफखान्याशेजारची छोटीशी फौज. पहिल्या मिनेसोटाच्या आठ कंपन्या, २६२ माणसं. बाकीच्या कंपन्या दुसऱ्या कामावर होत्या. कॉल्व्हिल त्याच सकाळी अटकेतून सुटले होते.

"कर्नल, ते निशाण दिसतंय का?" "दिसतंय." "मग घ्या ते." एवढंच बोलणं झालं असं सांगतात. हॅनकॉकने पुढे कबूल केलं की त्याला पाच मिनिटं हवी होती, कोणत्याही किमतीला.

ती जागा आज हॅनकॉक अ‍ॅव्हेन्यूवर आहे. चौथऱ्यावर ब्राँझचा सैनिक, संगीन पुढे करून धावणारा. याकोब फ्येल्डे या नॉर्वेहून आलेल्या शिल्पकाराने केलेला. १८९७ मध्ये, म्हणजे वाचलेले म्हातारे झाल्यावर, त्याचं अनावरण झालं. माझी कल्पना होती की समोर दरी, कडा असं काहीतरी असेल. काहीच नाही. गवताचा उतार, इतका सौम्य की सायकल सोडली तर आपली आपण घरंगळत जाईल, आणि तळाला झुडपांची एक रेघ. ती रेघ म्हणजे प्लम रन, एका उडीत ओलांडता येईल असा ओहोळ.

बाबांचे गुडघे उताराला नाही म्हणतात. ते वर स्मारकापाशी घड्याळ घेऊन उभे राहिले आणि मी खाली चालत गेले. पावलं मोजत. गवत गुडघ्यापर्यंत, पायाला काटे, कुठेतरी मेंढरांसारखा वास. तीनशे यार्डांच्या आत-बाहेर भरलं. वळून पाहिलं तर बाबा अंगठ्याएवढे. आडोसा म्हणून काही नव्हतं, एक झाड नाही, एक दगड नाही. माणूस वरून दिसत राहतो, संपूर्ण वेळ.

ते २६२ जण धावत आले, गोळी न झाडता, ओहोळाशी पोचल्यावर संगिनी लावून पहिली फळी फोडली आणि मग त्या खळग्यातच लोळून, ओणवे होऊन गोळ्या झाडत राहिले. पलटणीचं निशाण पाच वेळा पडलं, पाच वेळा कोणीतरी उचललं. कॉल्व्हिलच्या खांद्याला आणि पायाला गोळी लागली. अंधार पडला, कुमक आली, अलाबामावाले मागे गेले.

मी परत वर आले तेव्हा धाप लागली होती. "जायले चार मिनिटं," बाबा म्हणाले, "यायले सहा." मग स्मारकावरचा मजकूर मी त्यांना मराठीत वाचून दाखवला. २६२ पैकी २१५ मेले किंवा जखमी. रांगेत उरले ४७. कोणीही बेपत्ता नाही. कुठल्याच युद्धात या हल्ल्याला तोड नाही, असंही तिथे कोरलंय. दगडाला अशी वाक्यं फार सहज सुचतात. मला मात्र 'कोणीही बेपत्ता नाही' हेच जास्त जड वाटलं.

हे आकडे सगळ्यांना मान्य आहेत असं नाही. जुनी हजेरीपत्रकं घेऊन बसलेल्या काही अभ्यासकांच्या मते धावलेली माणसं जास्त असावीत आणि पडलेली कमी. हे बाबांना सांगितलं तर त्यांना जराही आश्चर्य वाटलं नाही. "मस्टर अन् माणसं कदी जुळतात काय? आमच्या इथं तं सुट्टीवरचा माणूस ड्यूटीवर असायचा." पण डायरीत त्यांनी ४७ च लिहिलं.

आम्ही तिथेच थांबलो. अंधार पडायला नऊ वाजले. मग ओहोळाच्या बाजूने काजवे उठायला लागले, आधी दोन-चार, मग उतारभर. मृगाच्या तोंडाशी आपल्याकडे असतात तसेच. बाबा काही बोलले नाहीत. पिकअपमध्ये चढवताना त्यांनी माझा हात जरा घट्ट धरला, एवढंच.

पाचवा दिवस, बुधवार : गेटिसबर्ग, कबरस्तान

रात्री झोप आली नाही, म्हणून मी टेलर भावांबद्दल वाचत बसले. इसाक आणि हेन्री, दोघे एकाच कंपनीत, दोघांनाही डायरी लिहायची सवय. इसाकची शेवटची नोंद २ जुलैची आहे : आज रांग सोडून जाणाऱ्याला जागीच ठार मारलं जाईल, असा हुकूम वाचून दाखवल्याची. दुसऱ्या दिवशी हेन्रीला कोणीतरी सांगितलं, तुझा भाऊ तिकडे पडलाय. त्याने तो एका दगडी गडग्याशेजारी पुरला आणि वर फळी लावली. पुरल्याची नोंद हेन्रीच्या डायरीत आहे. नाश्त्याला मी हे बाबांना सांगितलं. त्यांनी अंडं सोलणं थांबवलं. आपल्या डायरीवर एकदा हात ठेवला आणि पुन्हा अंडं सोलायला घेतलं.

३ तारखेला उरलेल्यांना सुट्टी मिळाली नाही. दुपारी दक्षिणेची साडेबारा हजारांच्या आसपास फौज उघड्या शेतातून चालत आली, पिकेटचा हल्ला म्हणतात तो, आणि मिनेसोटावाले पुन्हा नेमके तिथेच होते. कॉल्व्हिलच्या जागी आलेले कॅप्टन मेसिक मारले गेले. मार्शल शर्मन नावाच्या शिपायाने २८व्या व्हर्जिनियाचं निशाण हिसकावून घेतलं. ते निशाण आजही मिनेसोटाकडे आहे. व्हर्जिनियावाले अधूनमधून मागतात, आमचं राज्य नाही म्हणतं. जेसी व्हेंचुरा हे एके काळचे कुस्तीगीर राज्यपाल होते तेव्हा ते म्हणाले होते : का म्हणून? आम्ही जिंकलो होतो. माझा शेजारी एरवी बर्फाशिवाय कशावर बोलत नाही, पण या निशाणाचा विषय निघाला की तोही फुलतो.

राष्ट्रीय कबरस्तानात, जिथे १९ नोव्हेंबर १८६३ ला लिंकन दोन-तीन मिनिटंच बोलले, तिथे मिनेसोटाचा वेगळा भाग आहे. संगमरवराचा एक कलश, १८६७ चा. पलटणीतल्या वाचलेल्यांनी दिलेला. या सगळ्या रणभूमीवर आज पावलोपावली स्मारकं आहेत, हे त्यांतलं अगदी सुरुवातीचं. बाकीच्या ब्राँझ-ग्रॅनाइटच्या गर्दीत तो इतका साधा आहे की आम्ही आधी त्याच्या शेजारून पुढे निघून गेलो होतो. खाली जमिनीत अर्धवर्तुळात ओळीने नावं. पलीकडे ज्यांची ओळख पटली नाही त्यांचे फक्त आकडे, नुसते लहान चौकोनी दगड, ९७९. बाबा एका टोकाने निघाले आणि मान खाली घालून ओळ वाचत गेले. मी मागे राहिले.

गुरुवारी विमानाने घरी. लिहिण्यासारखं काही नाही.

नंतरचा रविवार : स्टिलवॉटर

बाबांच्या रकान्यात ४७ वर शाई वाळली होती आणि त्यांना पुढचं हवं होतं. "मग गेले कुठं ते?" जुलैत न्यूयॉर्कला सक्तीच्या भरतीविरुद्ध दंगल झाली होती, तिथे शांतता राखायला पलटण ऑगस्ट १८६३ मध्ये गेली आणि १८६४ च्या वसंतात तीन वर्षं भरल्यावर फोर्ट स्नेलिंगलाच मोडली. काही पुन्हा भरती झाले, बाकीचे घरी गेले. कॉल्व्हिल जगले, लंगडत, १९०५ पर्यंत.

पण मला त्यांना स्टिलवॉटरला न्यायचं होतं. सेंट क्रॉय नदीकाठचं गाव, आमच्याकडून अर्धा-पाऊण तास. इथली कंपनी बी. तिच्यातल्या उरलेल्या चौतीस जणांनी १८८५ च्या सुमारास 'शेवटच्या माणसाचा क्लब' काढला. दरवर्षी २१ जुलैला, बुल रनच्या दिवशी, जेवायला जमायचं. वाइनची एक बाटली टेबलावर ठेवायची आणि उघडायची नाही. जो शेवटी एकटा उरेल त्याने ती उघडायची. गेलेल्यांच्या खुर्च्याही मांडायच्या, काळं कापड घालून.

ते जिथे जमत त्या सॉयर हाउसच्या जागी आता लोवेल इन आहे. आम्ही तिथे कॉफी घेतली. बाबांनी साखर मागितली, चार पुड्या.

"मग कोणी प्याली?"

"चार्ल्स लॉकवूड. १९३० मध्ये."

"चांगली होती काय?"

"आंबली होती म्हणतात. घोटभर घेतली त्यांनी."

बाबांनी डायरी काढली, ४७ च्या खाली रेघ मारली, आणि लिहिलं : 'हजर – १.' मग चष्मा काढून खिशात ठेवला आणि विचारलं, इथून घरी पोचायला किती वाजतील.